नाव कापण्याआधी

मुरबाडला येऊन मला तीनच दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या शाळेचे हेडमास्तर खांद्यावर पाण्याची घागर घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"कर्णिकमास्तर, तुमच्याकडं पाण्याची अडचण आहे असं कळलं," ते म्हणाले. "कुठं ठेवू?"

मी बावीस वर्षांचा होतो. कल्याणहून सर्व्हिस मोटारीत धूळ खात आलेला, सहायक शिक्षकाची नवी कोरी नोकरी आणि तिच्याहून मोठी ऐट. आदल्या दिवशी मी सहावीतल्या एका मुलाला विहिरीवरून माझं पाणी भरून द्यायला सांगितलं होतं. आम्ही लहानपणी आमच्या मास्तरांकडे पाणी भरलं होतं, लाकडं फोडली होती, त्यांचं रडकं पोर कडेवर घेऊन हिंडलो होतो. त्यात काही वावगं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हा मुलगा मात्र हाताची घडी घालून अगदी शांतपणे म्हणाला, "नाय गुरुजी. घरचं पानी आमी नाय भरायचं. दाराशी लिवलंय."

मी रागारागाने शाळेच्या दाराशी जाऊन पाहिलं, तर खरंच लिहिलेलं होतं. पुठ्ठ्यावर डकवलेला कागद, टपोरं अक्षर आणि वर मथळा: 'विद्यार्थ्यांनी मागावयाच्या गोष्टी'. मारण्याआधी कारण सांगायला लावावे. मास्तरांनी घरकाम सांगितल्यास नाही म्हणावे, त्याचा राग धरला जाणार नाही. पाणी सर्वांनी एकाच माठातले प्यावे. नापास झाल्यास आपला पेपर पाहायला मागावा. अशी बरीच कलमं होती आणि सर्वांत खाली, त्याच अक्षरात, पण दोनदा गिरवलेलं: 'नाव कापण्याआधी आपले म्हणणे ऐकून घ्यायला लावावे.'

या माणसाला एकतर वेड लागलंय किंवा नोकरी नकोशी झालीय, असं मला वाटलं. एका माठाच्या कलमापायी दोन घरांनी आपली मुलं शाळेतून काढून नेली होती, हे नंतर समजलं. आमच्या या हेडमास्तरांनी, पष्टे मास्तरांनी, त्या दोन्ही घरी जाऊन मुलांचं म्हणणं विचारलं होतं. मुलं म्हणाली, आम्हाला तहान लागते, माठ कोणता ते आम्ही बघत नाही. बापांनी ऐकलं नाही, ती गोष्ट निराळी.

पाच दिवस त्यांनी माझं पाणी भरलं. सहाव्या दिवशी मी मुकाट्याने माझी घागर उचलून विहिरीवर गेलो. त्यांनी फक्त दोर कसा धरायचा ते दाखवलं.

पष्टे मास्तर शहापूर तालुक्यातले, किन्हवलीच्या बाजूच्या कुणब्याचे. घराण्यात फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेला पहिला माणूस. उंच, काळेसावळे, पाठीत किंचित वाकलेले. कोटाला चार बटणं, चारही वेगळी. चपला बहुधा हातात असायच्या, कारण वाटेत कुठे ना कुठे ओहोळ लागायचाच. तपकिरीचं व्यसन होतं, पण वर्गात ओढायचे नाहीत; बाहेर जाऊन, शिंकून, तोंड धुऊन परत यायचे. दुपारी नाचणीची भाकरी आणि सुकट, तीही पडवीत राहणाऱ्या मुलांच्या पंगतीत बसून. गळा भयंकर होता. प्रार्थनेला त्यांनी सूर लावला की पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची, आणि ते डोळे मिटून आणखी मोठ्याने गायचे.

फायनलच्या वर्गात तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे गडीही असत. कुणाचं लग्न झालेलं, कुणी शेत सांभाळून आलेला. फायनल पास झालं की तलाठ्याची नाहीतर मास्तरकीची नोकरी मिळे, नाही झालं की पुन्हा नांगर नाहीतर जंगल. या मोठ्या मुलांना पष्टे मास्तर 'अहो' म्हणत. सुरुवातीला ती मुलं लाजून मान खाली घालायची, मग हळूहळू ताठ बसायला लागायची. मला ते थट्टेवारी नेण्यासारखं वाटे. मी एकदा म्हणालोही, "मास्तर, उद्या ही मुलं तुम्हाला अरेतुरे करतील."

"करू द्या की," ते म्हणाले. "कारण विचारीन."

कुणाविरुद्ध तक्रार आली की त्यांची 'विचारणा' बसायची. छडी कपाटात, टोपी खुंटीला, आणि मुलाला बसायला स्वतःच्या शेजारी स्टूल. आधी मुलाने बोलायचं, मग तक्रार करणाऱ्याने. जे बोललं जाईल ते ते शब्दाला शब्द उतरवून घेत, मुलाच्या बोलीत, काहीही सुधारायचं नाही. या प्रकाराला वेळ लागे. एकदा शाळेची पितळी दौत हरवली, तर चार दिवस विचारणा चालली होती. पाचव्या दिवशी दौत त्यांच्याच ट्रंकेत धोतराखाली सापडली. दुसरा कुणी असता तर गुपचूप टेबलावर ठेवून मोकळा झाला असता. यांनी सातवीच्या वर्गासमोर टोपी काढून ठेवली, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चला, मला विचारा." शेवटी लखमा मेंगाळ म्हणून ठाकर जमातीचा मुलगा होता, तो उठला आणि गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, तुमचं काय म्हननं हाय?" मास्तरांनी आपलं म्हणणं सांगितलं, ते वहीत लिहिलं, आणि शिक्षा म्हणून आठवडाभर वर्ग झाडला.

हा लखमा टोकावड्याच्या पलीकडे डोंगराच्या पोटात असलेल्या ठाकरवाडीतला. अठरा वर्षांचा, अंगाने सडपातळ, गणितात असा की मला फळ्यावर चुकायची भीती वाटे. त्याच्या वाडीतून कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आठवड्याची शिदोरी घेऊन तो चालत यायचा आणि शाळेच्या पडवीत राहायचा. त्याला मास्तर व्हायचं होतं, तेही स्वतःच्या वाडीत. तो तसं बोलून दाखवायचा नाही, पण पडवीतल्या लहान मुलांना शिकवताना मास्तरांसारखाच बाहेर जाऊन तोंड धुऊन यायचा, तपकीर न ओढताच.

आमच्या खात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर तपासणीला आले तेव्हाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे ती महागात पडली. साहेबांनी वर्गाला खाडीतल्या भरती-ओहोटीवरचं एक गणित घातलं. मुलं बघत राहिली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'मुले मंद आहेत.' साहेब चहा घेत होते तेवढ्यात पष्टे मास्तर ते बुक घेऊन वर्गात गेले, शेरा वाचून दाखवला, आणि त्याच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहून आणलं: 'मुलांचे म्हणणे: आम्ही खाडी पाहिली नाही. पाणी पुढे जाऊन परत कसे येते ते आधी सांगावे, मग गणित करतो.' साहेबांनी ते वाचलं. चहाचा कप अर्धा ठेवून ते मोटारीत बसले. मी घाबरून मास्तरांना म्हणालो, "हे काय केलंत?" ते म्हणाले, "का? साहेबांचं म्हणणं लिहिलंय, पोरांचं नको?"

त्यांची सर्वांत मोठी खोड म्हणजे घरची विचारपूस. महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कापायचं, असा नियम होता. माघ-फाल्गुनात आमच्याकडे अर्धा वर्ग गैरहजर असे. कुणी भाताच्या शेतात राब भाजायला, कुणी जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर. सगळ्या शाळा लाल शाईने नावं कापत, त्यात कुणाला काही वाटत नसे. आमच्याकडे नियम असा, की आधी एका मास्तराने त्या मुलाच्या घरी पायी जायचं, मुलाला भेटायचं, त्याचे शब्द कागदावर उतरवून आणायचे, खाली सही करायची. मगच कापायचं.

"नाव घालताना बाप येतो, साखर वाटतो," ते म्हणत. "काढताना कुणीच नको का हजर?"

एकदा त्यांनी कारणही सांगितलं होतं. ते स्वतः पाचवीत असताना वडील वारले, महिनाभर शेतावर राहावं लागलं. परत आले तर पटावर नाव नाही. मास्तर म्हणाले, तुझं नाव कापलं. मग पुढच्या जूनपर्यंत ते शाळेच्या खिडकीबाहेर उभं राहून शिकले. हे सांगताना त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली.

चाळीस-एक्केचाळीसची गोष्ट. लढाई सुरू झालेली होती. फायनलच्या परीक्षेसाठी नावं पाठवायला चार-पाच दिवस उरले होते, आणि लखमा महिन्याहून जास्त दिवस आला नव्हता. मास्तरांच्या पायाला कुरूप झालं होतं, चालवत नव्हतं. त्यांनी मला पाठवलं.

मी मोटारीने टोकावड्याला उतरलो. तिथून वाडी डोंगरात तीनेक मैल. ऊन मी म्हणत होतं. चहाच्या छपरात एक म्हातारा बसला होता, तो म्हणाला, "वाडीत कोन नाय मास्तर. समदे भट्टीवं गेलेत. कशाला जीवाला तरास?" मी डोंगराकडे पाहिलं. मग चहा मागवला, गरम भजी मागवली. परतीची मोटार तीनला होती. भजी खाऊन झाल्यावर मी खिशातला कागद काढला आणि मांडीवर वही ठेवून लिहिलं, 'आमाला आता नाय शिकायचं. आमी भट्टीवं जातो.' खाली सही केली. लखमाच्या तोंडी ते शब्द मी घातले, त्याच्याच बोलीत, अगदी खरे वाटतील असे. त्या वेळी मला स्वतःच्या हुशारीची थोडी मौजही वाटली होती. आज ते लिहितानाही लाज वाटते.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला.

"असं म्हणाला?"

"हो."

"भेटला?"

"हो."

मग त्यांनी लाल शाईची दौत ओढली आणि स्वतःच्या हाताने नाव कापलं.

परीक्षेची यादी ठाण्याला गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी लखमा आला. पायांवर गुडघ्यापर्यंत कोळशाची काळी पूड, काखेत पुस्तकांची पिशवी. भट्टीवर झाड पडून त्याच्या बापाचा पाय मोडला होता. बाप उभा राहीपर्यंत त्याच्या जागेवर लखमा राबत होता. रात्री तिथेच जाळाच्या उजेडात त्याने भूगोल संपवला होता.

"गुरुजी, आलो," तो म्हणाला. "परीक्षा कदी हाय?"

मास्तर उठून उभे राहिले. "तुम्ही तर शिकायचं नाही म्हणालात."

"कोन बोलला?" लखमा त्यांच्याकडे बघतच राहिला. "माज्याकडं कोन आलाच नाय."

मी पलीकडच्या टेबलावर वह्या तपासत होतो. मान वर केली नाही. मास्तर माझ्याकडे बघतील, माझं नाव घेतील, असं वाटत होतं. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी टोपी काढली, त्या अठरा वर्षांच्या ठाकराच्या मुलासमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. मी जातो ठाण्याला."

दुखरा पाय घेऊन ते त्याच दिवशी निघाले. ठाण्याला काय झालं ते मला तिथल्या एका कारकुनाकडून महिन्याभराने कळलं. डेप्युटीसाहेबांनी आधी तासभर ताटकळत ठेवलं. मग म्हणाले, "मुलांचं म्हणणं लिहिणारे तुम्हीच ना? मग या मुलाचं म्हणणं कुठं आहे? कागद दाखवा." माझा कागद मास्तरांच्या खिशात होता. तो काढला असता तर चौकशी माझी झाली असती, नोकरी माझी गेली असती, आणि कदाचित लखमाचं नाव यादीत चढलंही असतं. कदाचित. मास्तर म्हणाले, "कागद नाही. विचारल्याशिवाय नाव कापलं. दोष हेडमास्तरचा आहे, मुलाचा नाही. त्याला बसू द्या." साहेब म्हणाले, यादी गेली ती गेली.

परीक्षा झाली. लखमा बसला नाही. मे महिन्यात पष्टे मास्तरांची बदली झाली, शहापूर तालुक्यातल्या दोन मास्तरांच्या शाळेत, तीही सहायक म्हणून. आणि मुरबाडच्या शाळेचा चार्ज तात्पुरता मिळाला मला.

निघताना त्यांनी मला पट, किल्ल्या आणि शेरेबुक मोजून दिलं. बैलगाडीत ट्रंक चढवली. मी म्हणालो, "मास्तर..." ते म्हणाले, "जूनमध्ये लखमाला बोलावून घ्या. तो आपण होऊन यायचा नाही. एकदा कापलं की माणूस दाराशी यायला बिचकतो." मी मान हलवली. जून आला, भाताची लावणी आली, गणपती आले. मी गेलो नाही. जायचं तर त्याला सांगावं लागलं असतं, तो कागद कुणी लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना मारला, तेव्हा दाराजवळचा पुठ्ठा काढून ठेवला. तो पुन्हा लावायचा राहून गेला, असं मी लोकांना सांगत असे.

चार वर्षं गेली. लढाई संपली. शिक्षकांच्या सभेसाठी मी शहापूरला गेलो होतो, तिथे पष्टे मास्तर मागच्या बाकावर बसलेले दिसले. केस सगळे पांढरे. सभा संपल्यावर ते मला आग्रहाने खोलीवर घेऊन गेले. भाकरी भाजली. मी जेवता जेवता सगळं सांगून टाकलं. चहाचं छप्पर, भजी, तीनची मोटार, मांडीवरची वही. सांगताना मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. वाटलं, आता हे रागावतील, मग माफ करतील, आणि मी मोकळा होईन.

ते रागावले नाहीत. ताटातला घास तसाच ठेवून म्हणाले, "हे मला कशाला सांगता कर्णिकमास्तर? कापलेलं नाव माझं होतं का?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो.

"वाडीतच आहे तो," ते म्हणाले. "भट्टीवर मुकादमाच्या हाताखाली आहे. दोन मुलं आहेत. मी दर उन्हाळ्यात जाऊन येतो. परीक्षेला बसा म्हणतो, तो हसतो. म्हणतो, मास्तर, आता कशाला. त्याला अजून वाटतं, शाळेनंच त्याला नको म्हटलं."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही? कागद माझा होता ते?"

"ते तुमचं म्हणणं. मी कसं सांगू?"

मग ते मला अपेक्षित नव्हतं ते बोलले. "तुमचा कागद वाचला तेव्हा मला तो पटला, बरं का. लखमा असं बोलायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पटला. ठाकराचं पोर, कंटाळलं असेल, गेलं असेल जंगलात, असं माझ्याही मनात आलंच की नाही? नाहीतर मी लंगडत का होईना, गेलो असतो. शाई माझीच होती." त्यांचे डोळे भरले होते. एवढी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांना रडताना त्या दिवशीच पाहिलं.

दुपारी ते मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. किन्हवली-सरळगाववरून मुरबाडला जाणारी एक मालाची मोटार मिळाली. ड्रायव्हरशेजारी मला बसवून देत ते म्हणाले, "सरळगावला उतरा. डावीकडे टोकावड्याची मोटार उभी असते. अंधार पडायच्या आत वाडी गाठाल. सांगा त्याला नीट. तो काही बोलला तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका." मग खिडकीतून माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "अजून पंचवीसच्या आत आहे तो. बसेल परीक्षेला." मोटार सुटली. मागे वळून पाहिलं तर ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, उन्हात, उघड्या डोक्याने, धुळीतून हात हलवत. किती खूश दिसत होते. ती त्यांची शेवटची भेट. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले.

सरळगाव आलं. मोटार तिठ्यावर थांबली. डावीकडे टोकावड्याची मोटार खरंच उभी होती, ड्रायव्हर हँडल मारत होता. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, उतरताव ना? तुमचं तं टोकावडं ना?"

मी म्हणालो, "नाही. मुरबाडलाच सोडा."